विश्लेषण : धडधडत्या हृदयातून बॉम्बचे तुकडे कसे काढले गेले? ते काढणे खरेच गरजेचे होते का?

युक्रेनमधील युद्धात ड्रोनमधून पडणाऱ्या स्फोटकांचे बारीक तुकडे सैनिकांच्या छातीत आणि कधी कधी थेट हृदयात घुसत आहेत. असे तुकडे काढण्यासाठी तेथील डॉक्टर टोकाला चुंबक असलेले एक बारीक साधन वापरतात. ‘बीबीसी’ने २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, एका शल्यविशारदाने या साधनाच्या मदतीने ७० हून अधिक हृदयशस्त्रक्रिया यशस्वी केल्या आहेत. साधन नवे असले तरी प्रश्न ८० वर्षांपूर्वीचाच आहे. हृदयात धातूचा तुकडा घेऊन जिवंत राहिलेल्या माणसाचे काय करायचे? १९४४ मध्ये इंग्लंडमधील एका लष्करी रुग्णालयात अमेरिकी डॉक्टर ड्वाइट हार्केन यांनी या प्रश्नाला हृदय उघडून उत्तर दिले. हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना त्यांचे नाव हमखास घेतले जाते. मात्र त्या उत्तराची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते.

हृदयाला हात लावायला डॉक्टर का घाबरत?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पोट, मेंदू, मूत्रपिंड असे बहुतेक अवयव शल्यविशारदांच्या आवाक्यात आले होते. हृदय मात्र वर्ज्य होते. हृदयाची जखम शिवायला जाणाऱ्या डॉक्टरला सहकाऱ्यांचा मान गमवावा लागेल, असे मत व्हिएन्नाचे विख्यात शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांच्या नावावर सांगितले जाते. ते नेमके असेच बोलले का, याबद्दल वाद आहे. पण त्या काळचे वातावरण तसेच होते. ब्रिटिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी तर १८९६ मध्ये छातीच्या शस्त्रक्रियांवरील आपल्या पुस्तकात लिहून टाकले की, हृदयाच्या बाबतीत निसर्गाने घातलेली मर्यादा बहुधा गाठली गेली आहे.

ही भीती अंधश्रद्धेतून आलेली नव्हती. अडचण सरळ यंत्रशास्त्रातली होती. विश्रांतीच्या स्थितीत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते आणि प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तही साधारण तेवढेच असते. म्हणजे डाव्या जवनिकेला (फुप्फुसे सोडून सर्व शरीराला रक्त पुरवणारा खालचा डावा कप्पा) मोठे भोक पडले तर हातात मिनिटभरही नसतो. बिघडलेला पंप दुरुस्त करायचा तर आधी बंद करावा लागतो, इथे पंप बंद केला की काही मिनिटांत मेंदू मरतो. शिवाय छाती उघडताच बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटते. त्यामुळे हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच रुग्ण गुदमरण्याची भीती असे.

पहिला टाका कधी पडला?

पॅजेट यांचे पुस्तक आले त्याच वर्षी. ९ सप्टेंबर १८९६ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन यांनी चाकूहल्ल्यात जखमी झालेल्या २२ वर्षांच्या एका माळ्याच्या उजव्या जवनिकेवरील सुमारे दीड सेंटिमीटरची जखम रेशमाच्या तीन टाक्यांनी शिवली. तरुण वाचला. पुढच्या दहा वर्षांत रेन यांनी जगभरातील अशा १२४ शस्त्रक्रियांची माहिती जमवली. त्यातील ६० टक्के रुग्ण दगावले होते. आज हा आकडा भयंकर वाटतो, पण शस्त्रक्रियेविना जवळपास सगळेच दगावले असते असे मानले जात होते. त्या हिशेबाने ४० टक्के जीव वाचले.

तरीही हे काम बाहेरून भोक बुजवण्याचे होते. मुद्दाम हृदय उघडून आत काही करणे ही वेगळीच गोष्ट. ते धाडस १९२५ मध्ये लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी केले. एका तरुणीच्या हृदयात बोट घालून त्यांनी तिची खराब झालेली मायट्रल झडप चाचपली आणि थोडी मोकळी केली. मुलगी जगली. त्यानंतर मात्र सौटर यांच्याकडे अशी दुसरी रुग्ण कोणी पाठवलीच नाही. झडपेचा दोष हा मूळ रोग नसून स्नायूच कमजोर असतो, असे तेव्हाच्या हृदयरोगतज्ज्ञांचे ठाम मत होते. त्यापुढे एका यशस्वी शस्त्रक्रियेची मातब्बरी ती काय!

पहिल्या महायुद्धाने काय दिले?

तोफगोळ्यांच्या त्या युद्धात छातीत धातू घेऊन परतणारे सैनिक पुष्कळ होते आणि काही डॉक्टरांनी हृदयातील तुकडे काढण्याचे प्रयत्नही केले. त्यातले ब्रिटिश शल्यविशारद जॉर्ज ग्रे टर्नर यांचे प्रकरण विशेष बोलके आहे. १९१७ मध्ये त्यांनी एका सैनिकाच्या हृदयातील गोळी काढण्यासाठी शस्त्रक्रिया केली, पण गोळी निघाली नाही. ती तशीच ठेवून छाती बंद करावी लागली. सैनिक मात्र जगला. तब्बल २३ वर्षांनंतर हृदयात गोळी असलेला हा माणूस टर्नर यांच्या शोधनिबंधाचा विषय झाला. हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे, पुढे त्याचा संबंध येतोच.

त्या युद्धाची खरी देणगी वेगळ्याच दिशेने आली. चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील सिडकप येथे शस्त्रक्रिया चालत. नाका-तोंडावर भूल देण्याचा मुखवटा ठेवला तर डॉक्टरला काम करायला जागाच उरत नसे. त्यातून आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी थेट श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. नळीतून दाबाने हवा दिली की छाती उघडली तरी फुप्फुस फुगलेले राहते. चेहऱ्यासाठी शोधलेली ही नळी पुढच्या युद्धात हृदयाच्या कामी आली.

१९४४ मध्ये नेमके काय घडले?

हार्केन मूळचे अमेरिकेतील आयोवा राज्याचे. हार्वर्डमध्ये शिकलेले आणि युद्धापूर्वी लंडनमध्ये छातीच्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण घेतलेले. १९४४ मध्ये त्यांचे वय ३४ वर्षे होते. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात स्टोवेल पार्क येथे अमेरिकी लष्कराच्या १६०व्या जनरल हॉस्पिटलमध्ये छातीच्या जखमींसाठी खास केंद्र उघडण्यात आले, त्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जूनमध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि जखमींचा ओघ वाढला.

यातील काहींच्या हृदयात किंवा हृदयाला लगटून धातूचे तुकडे होते. सगळेच छातीतून घुसलेले असतील असेही नाही. शरीरात दुसरीकडे शिरलेला तुकडा शिरेत सापडला तर रक्ताबरोबर वाहत हृदयाच्या उजव्या बाजूला येऊन थांबू शकतो. असे तुकडे तसेच ठेवू नयेत, असे हार्केन यांचे म्हणणे होते. तुकडा किंवा त्याभोवती धरलेली रक्ताची गुठळी सुटली तर उजव्या बाजूची फुप्फुसात आणि डाव्या बाजूची मेंदूत जाऊन अडकण्याचा धोका. तुकड्याबरोबर आत गेलेल्या मातीने, कपड्याच्या चिंध्यांनी जंतुसंसर्ग होण्याचा धोका. हृदयाभोवतीच्या आवरणात वारंवार पाणी साठण्याचा आणि हृदयाच्या स्नायूला इजा होत राहण्याचा धोका.

शस्त्रक्रियेची तयारी त्यांनी आधी प्राण्यांवर केली. पहिल्या गटातील १४ पैकी सर्व प्राणी मेले. दुसऱ्या गटातील निम्मे मेले. तिसऱ्या गटात १४ पैकी फक्त दोन. यानंतर पद्धत ठरली ती अशी : क्ष-किरणांच्या हलत्या प्रतिमेवर, म्हणजे फ्लोरोस्कोपीवर, तुकडा ठोक्यांबरोबर कसा हलतो ते पाहून त्याची जागा निश्चित करायची. कापण्याआधीच नियोजित छेदाच्या दोन्ही बाजूंना हृदयाच्या भिंतीत टाके घालून ठेवायचे. मग त्या टाक्यांच्या मधोमध छोटा छेद घ्यायचा, चिमटा आत घालायचा, तुकडा पकडून बाहेर काढायचा आणि त्याच क्षणी साहाय्यकाने दोन्ही बाजूंचे धागे एकमेकांवरून ओढून भोक दाबून धरायचे. गळणाऱ्या पाइपाला आधी क्लॅम्प लावून मग जोड उघडणारा कोणताही कारागीर ही युक्ती ओळखेल. फरक एवढाच की हा पाइप उडत असतो. छातीच्या आत सगळे काम धडधडत्या स्नायूवर आणि जवळजवळ आंधळेपणाने, कारण रक्ताने भरलेल्या कप्प्यात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

हे कागदावर नीटनेटके वाटते तसे प्रत्यक्षात नेहमी होत नसे. हार्केन यांनी त्या काळात पत्नीला लिहिलेल्या पत्रात अशा एका शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. चिमट्यात तुकडा धरून ते क्षणभर थांबले होते, रक्त येत नव्हते. तेवढ्यात आतल्या दाबाने तुकडा बाटलीच्या बुचासारखा बाहेर उडाला आणि रक्ताचा लोंढा आला. साहाय्यकाने धागे ओढले, तरी गळती थांबेना. हार्केन यांनी भोकावर बोट दाबून धरले आणि बोटाखालूनच टाके घालायला सुरुवात केली. चार टाके पडले, रक्त थांबले, आणि मग लक्षात आले की एक टाका त्यांच्या हातमोज्यातूनही गेला आहे. डॉक्टरच रुग्णाच्या हृदयाला शिवला गेला होता! मोजा कापून बोट सोडवावे लागले. रुग्ण वाचला.

युद्धानंतर, १९४६ मध्ये हार्केन यांनी हिशेब प्रसिद्ध केला. छातीच्या मध्यभागातून, म्हणजे हृदय, हृदयावरण, मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्या आसपासच्या भागातून काढलेले तुकडे १३४. त्यातील १३ थेट हृदयाच्या कप्प्यांमधून. मृत्यू : शून्य.

एकही मृत्यू नाही, हे कसे शक्य झाले?

हा आकडा बहुतेक ठिकाणी चमत्कारासारखा सांगितला जातो. १९०७ मधील रेन यांच्या ६० टक्के मृत्यूंशेजारी तो ठेवला की डोळे दिपतातच. पण या दोन आकड्यांची तुलनाच चुकीची आहे. रेन यांच्या यादीतील रुग्ण ताज्या जखमेतून रक्त वाहत असताना टेबलावर आलेले होते. हार्केन यांच्या टेबलावरचे सैनिक रणांगणावर, किनाऱ्यावर, जहाजात, रेल्वेत जगून इंग्लंडपर्यंत पोहोचले होते. ज्यांचे हृदय फाटले ते फ्रान्सच्या मातीतच राहिले. त्याच युद्धात गणिती अब्राहम वाल्ड यांनी बॉम्बफेकी विमानांबाबत दाखवून दिलेला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. परत आलेल्या विमानांवरची भोके पाहून निष्कर्ष काढताना न परतलेल्या विमानांचा विचार करावा लागतो.

यात हार्केन यांचे कौशल्य कमी लेखण्याचे कारण नाही. धडधडत्या हृदयात १३ वेळा चिमटा घालून १३ जण जिवंत बाहेर काढणे हे केवळ नशिबाने होत नाही. पण त्यांच्या हाताइतकेच महत्त्व हाताशी असलेल्या सामग्रीला होते. पेनिसिलिन १९४४ मध्ये दोस्त फौजांना मुबलक मिळू लागले होते. संपूर्ण रक्ताचा पुरवठा होता, त्याच वर्षी ऑगस्टपासून ते अमेरिकेतून विमानानेही युरोपात येऊ लागले. रक्त नुसते थेंबथेंब न देता दाबाने वेगात चढवण्याची व्यवस्था होती, म्हणून लोंढा आला तरी काही मिनिटे मिळत. श्वासनलिकेतील नळी होती. आणि एकाच प्रकारच्या जखमा असलेले, बहुतांश विशी-पंचविशीचे, अन्यथा धडधाकट रुग्ण एका जागी आणून दिलेले होते. शांततेच्या काळात कोणत्याही शल्यविशारदाला असे १३ रुग्ण मिळायला आयुष्य पुरले नसते.

पण या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का?

इथे गोष्ट अवघड होते. तुकडा तसाच ठेवला तर काय होते, हे कळायला हार्केन यांच्याकडे वेळ नव्हता. पण तसे सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात हृदयात धातूचे तुकडे राहिलेल्या आणि ते न काढलेल्या ४० माजी सैनिकांचा २० वर्षांचा मागोवा १९६६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एडवर्ड ब्लँड आणि गिल्बर्ट बीबी यांच्या या अभ्यासाचे सार असे की, बहुतेकांच्या हृदयाने तो तुकडा चांगला सोसला होता. काहींना त्रास झाला तो मुख्यत्वे धास्तीचा. आपल्या हृदयात लोखंड आहे ही जाणीवच त्यांना जगू देत नव्हती. ग्रे टर्नर यांचा २३ वर्षे गोळी बाळगणारा सैनिक अपवाद नव्हता, हेच यातून दिसले.

म्हणजे हार्केन यांनी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केली त्यातले बरेच जण कदाचित तिच्याविनाही जगले असते. १९४४ मध्ये हे कोणालाच माहीत नव्हते, हा हार्केन यांच्या बाजूने सर्वात मोठा मुद्दा. त्यांनी मांडलेले धोके काल्पनिक नव्हते आणि हृदयात सुटा, हलता तुकडा असणाऱ्यांसाठी ते आजही खरे मानले जातात. तरीही एक प्रश्न उरतो. लष्करी रुग्णालयातील खाटेवर पडलेला विशीचा सैनिक गणवेशातील डॉक्टरला ‘नको’ म्हणू शकत होता का? रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती ही कल्पना वैद्यकात रुजायला आणखी काही वर्षे जायची होती. न्युरेंबर्ग संहिता आली १९४७ मध्ये, तीही नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून. हार्केन यांना त्या पंक्तीत बसवणे साफ चूक ठरेल, ते रुग्णाच्या भल्यासाठीच काम करत होते. पण युद्धाने वैद्यकाला दिलेल्या ‘संधी’बद्दल सहज बोलताना, ती संधी कोणाच्या छातीतून मिळाली हे विसरून चालत नाही.

युद्धानंतर काय बदलले?

सगळेच लगेच बदलले नाही. बदलली ती एक समजूत. हृदय उघडता येते, आत चिमटा किंवा बोट घालता येते आणि पुन्हा शिवता येते, हे आता एका सुट्या किश्शावर अवलंबून राहिले नव्हते. सौटर यांच्याकडे एक रुग्ण होती, हार्केन यांच्याकडे मालिका होती. वैद्यकात मालिकेला वजन असते.

पुढचे लक्ष्य होते मायट्रल झडप. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने ही झडप आखडते, तिचे तोंड चिंचोळे होते आणि रुग्णाला चार पावले चालले तरी धाप लागते. १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांनी ही झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याआधीचे त्यांचे चार रुग्ण दगावले होते, त्यातला एक तर त्याच दिवशी सकाळी. पुढची परवानगी नाकारली जाईल म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत एकाच दिवशी दोन शस्त्रक्रिया ठेवल्या होत्या. सहा दिवसांनी बोस्टनमध्ये हार्केन यांनी आणि सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी तेच केले. हार्केन यांचेही सुरुवातीचे अनेक रुग्ण वाचले नाहीत. युद्धातले शून्य शांततेत टिकले नाही. धडधाकट सैनिकाचे हृदय आणि वर्षानुवर्षे आजाराने थकलेले हृदय यातला फरक असा किमती ठरला.

हृदय थांबवून, रिकामे करून, उघड्या डोळ्यांनी आत काम करणे शक्य झाले ते जॉन गिबन यांच्या हार्ट-लंग मशीनमुळे. ६ मे १९५३ रोजी त्याचा माणसावर पहिला यशस्वी वापर झाला. म्हणजे पंप बंद करून दुरुस्त करायची सोय व्हायला हार्केन यांच्यानंतर जवळपास दशक लागले.

भारताशी याचा संबंध काय?

थेट युद्धाशी नाही, पण त्यातून निघालेल्या पद्धतीशी जवळचा आहे. संधिवाताच्या तापाने झडपा आखडलेले रुग्ण भारतात मोठ्या संख्येने होते आणि त्यात तरुण मुली-स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. हार्ट-लंग मशीन महाग, मोजक्या शहरांत उपलब्ध. बेली-हार्केन पद्धतीच्या ‘बंद’ शस्त्रक्रियेला मात्र त्याची गरज नव्हती. धडधडत्या हृदयात बोट किंवा झडप रुंदावणारे साधन घालून ती मोकळी करायची. त्यामुळे श्रीमंत देशांनी ही पद्धत सोडून दिल्यानंतरही भारतात ती अनेक दशके चालू राहिली. पुढे फुग्याच्या साहाय्याने, छाती न उघडता झडप रुंद करण्याची सोय आली तेव्हा ती मागे पडली.

आज डॉक्टर काय ठरवतात?

हृदयात तुकडा दिसला म्हणजे काढायचाच, असा नियम आता नाही. सीटी स्कॅन आणि इकोकार्डिओग्राफीने तुकडा नेमका कुठे आहे हे कळते. स्नायूत पूर्ण रुतलेला, लहान, त्रास न देणारा तुकडा अनेकदा तसाच ठेवून रुग्णावर लक्ष ठेवले जाते. कप्प्यात सुटा असलेला, डाव्या बाजूचा, जंतुसंसर्ग झालेला किंवा लक्षणे निर्माण करणारा तुकडा काढण्याकडे कल असतो. हार्केन यांची कारणे टिकली, फक्त ती सरसकट लागू करणे थांबले.

युक्रेनमधील चुंबकी साधनाने या हिशेबात थोडी भर घातली आहे. तुकड्यापर्यंत पोहोचायला मोठा छेद घ्यावा लागला नाही, तर शस्त्रक्रियेची जोखीम घटते आणि ‘काढावा’ या बाजूचे पारडे जड होते. चुंबकाची कल्पना जुनीच आहे, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण काढण्यासाठी डॉक्टर ती एकोणिसाव्या शतकापासून वापरत आले आहेत. अडचण एवढीच की चुंबक पोलादाला ओढतो. तुकडा ॲल्युमिनियमचा, तांब्याचा किंवा प्लास्टिकचा असेल तर त्याचा काही उपयोग नाही. आणि पोलादी तुकडा आत ठेवायचे ठरले, तर त्या माणसाला एमआरआय यंत्रात घालण्यापूर्वी डॉक्टरांना दहादा विचार करावा लागतो, कारण यंत्रातला चुंबकही त्याला ओढणारच.